ओटीवरचे पाहुणे आणि माजघरातला प्रिंटर: व्हीलॅन समजून घेऊ

गेल्या डिसेंबरात आंजर्ल्याच्या बाजूला होमस्टे चालवणाऱ्या एका काकांचा रात्री फोन आला. "अरे, माजघरातला टीव्ही आपोआप चालू झालाय. कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ लागलाय त्यावर." भुताटकी काही नव्हती. मागच्या वाडीतल्या खोलीत उतरलेल्या पाहुण्यांनी आपल्याच खोलीतला टीव्ही समजून फोनवरून व्हिडिओ पाठवला होता, आणि फोनच्या यादीत काकांचा टीव्ही वरती होता.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पाहुण्यांना देतात तोच पासवर्ड टाकून लॅपटॉप जोडला आणि तिथून काय काय दिसतं ते पाहिलं. टीव्ही दिसला, प्रिंटर दिसला, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचं लॉगिनचं पान उघडलं. त्याहून वाईट म्हणजे बिलं करायच्या कॉम्प्युटरवरचा एक शेअर केलेला फोल्डर काही न विचारता उघडला. त्यात आधी येऊन गेलेल्या पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो होते. लोकांनी विश्वासाने दिलेली ओळखपत्रं. ती कुणी पाहिली असतीलच असं नाही, पण पाहणाऱ्याला अडवणारं तिथे काहीच नव्हतं.

आपल्याकडची जुनी घरं बांधणाऱ्यांनी ह्याचा विचार केलेला असे. ओटीवर कुणीही येऊन टेकावं, गूळपाणी घ्यावं. माजघरात यायचं तर घरच्यांनी बोलावल्यावर. कोठीच्या खोलीत तर बाहेरच्या माणसाचं काही कामच नाही. छप्पर एकच, पण कोण कुठवर येणार हे भिंतींनी ठरवलेलं. नेटवर्कमध्ये अशा भिंती घालायच्या रीतीला व्हर्च्युअल लॅन, म्हणजे व्हीलॅन म्हणतात. होमस्टे, खानावळ, दवाखाना, शाळा, जिथे घरचे आणि बाहेरचे एकाच वायरीवर येतात तिथे ती हवीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी साधा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा, काय करतो ते पाहू. स्विचला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. कुठल्या पोर्टावर, म्हणजे वायर खोचायच्या खाचेवर, कोण बसलंय हे स्विच येणाऱ्या माहितीवरून शिकत जातो आणि आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो. मग प्रिंटरसाठी आलेलं पाकीट तो प्रिंटरच्याच पोर्टावर सोडतो. ह्या पाकिटाला फ्रेम म्हणतात. पण पत्ता तक्त्यात नसेल तर तो ती फ्रेम जिथून आली तो पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. शिवाय काही निरोप मुळातच सगळ्यांसाठी असतात. नुकताच जोडलेला फोन विचारतो, "मला कुणी आयपी पत्ता, म्हणजे ह्या नेटवर्कपुरता क्रमांक, देतं का?" कॉम्प्युटर विचारतो, "१९२.१६८.१.२० हा कोण?" वाडीत उभं राहून हाक मारावी तसं हे आहे. ज्याचं नाव घेतलं तो ओ देतो, पण ऐकू सगळ्यांना जातं. काकांच्या टीव्हीचा पत्ता पाहुण्यांच्या फोनला असाच लागला.

ही हाक जिथवर ऐकू जाते, तेवढं एक लॅन. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचच्या पोटात अशी दोन, तीन किंवा अधिक लॅन वेगळी पाडणं. आठ पोर्टांच्या स्विचला आपण सांगतो की तिसरा आणि चौथा पोर्ट एका गटातले, पाचवा आणि सातवा दुसऱ्या गटातले. त्यानंतर तिसऱ्या पोर्टावरची हाक पाचव्यावर कधीच पोचत नाही. वायर बदलली नाही, डबा बदलला नाही, तरी दोन निराळे स्विच विकत आणून ठेवल्यासारखंच झालं.

ही कल्पना १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर ह्या संस्थेत डब्ल्यू. डेव्हिड सिंकॉस्की यांनी पुढे आणली. १९९८ साली आयईईई ह्या संस्थेने त्याचं मानक मंजूर केलं, त्याचं नाव ८०२.१क्यू. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवा, कारण स्विचच्या पानावर ते दिसणार आहे. ह्या मानकामुळेच एका कंपनीचा स्विच आणि दुसऱ्या कंपनीचा राउटर एकमेकांची भाषा समजतात.

आता गाभ्याची गोष्ट. एका स्विचमध्ये गट पाडणं सोपं आहे. पण काकांचं मूळ घर आणि मागच्या वाडीतल्या खोल्या ह्यांच्यात वायर एकच. त्या एका वायरीवरून घरची, पाहुण्यांची आणि कॅमेऱ्यांची अशी तिन्ही प्रकारची माहिती जाणार. पलीकडच्या स्विचने कशी ओळखायची कुणाची कुठली?

एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या पेट्या वाशीला जातात ते आठवा. आपल्या पडवीत पेट्या रचून ठेवल्या असतील तर त्यांच्यावर नाव नसलं तरी बिघडत नाही, सगळ्या आपल्याच. पण चार बागायतदारांच्या पेट्या एकाच ट्रकात चढवायच्या तर प्रत्येक पेटीवर मार्का हवाच. वाशीला उतरवताना मार्का बघूनच पेट्या वेगळ्या लावतात. नेटवर्कमध्ये ह्या मार्क्याला टॅग म्हणतात. प्रत्येक फ्रेममध्ये, पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्याच्या लगेच पुढे, चार बाइटची एक पट्टी घुसवली जाते. त्या पट्टीतले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी आहेत. १२ बिटांत ४०९६ आकडे मावतात, त्यातले ० आणि ४०९५ राखीव, म्हणून १ ते ४०९४ आपल्या हाती. आपल्याला लागणार तीन.

ज्या वायरीवरून अनेक व्हीलॅनची माहिती मार्का लावून जाते तिला ट्रंक म्हणतात. नाव ऐकून ट्रकच डोळ्यांसमोर आला तरी चालेल, काम तेच आहे. ज्या पोर्टावर एकच साधं यंत्र असतं, कॉम्प्युटर, प्रिंटर, टीव्ही, त्याला ॲक्सेस पोर्ट म्हणतात. आंब्याच्या पेटीशी इथे एक फरक आहे. पेटीवरचा मार्का शेवटपर्यंत राहतो. स्विच मात्र ॲक्सेस पोर्टावरून फ्रेम बाहेर सोडताना टॅग काढून टाकतो. प्रिंटरला टॅग म्हणजे काय हे ठाऊकच नसतं, आणि असायची गरजही नाही.

हे सगळं करायला दुकानात मिळणारा सगळ्यात साधा स्विच चालत नाही. त्याला सेटिंगचं पानच नसतं. खोक्यावर स्मार्ट किंवा मॅनेज्ड असं लिहिलेला, आणि ८०२.१क्यू चालणारा स्विच घ्यावा. राउटरही व्हीलॅन समजणारा हवा. फायबरची जोडणी देताना जो डबा भिंतीवर ठोकून जातात, त्यात बहुधा ही सोय आपल्या हातात नसते. म्हणून त्या डब्याच्या पुढे आपला स्वतःचा राउटर लावायचा. मायक्रोटिक किंवा टीपी-लिंकचा ईआर६०५ अशांवर हे काम नीट होतं. वाय-फायचे ॲक्सेस पॉइंटसुद्धा असे घ्यावेत की एकाच यंत्रातून दोन-तीन नावांचं वाय-फाय देता येईल आणि प्रत्येक नावाला आपापला व्हीलॅन क्रमांक जोडता येईल.

काकांकडे मी तीन गट केले. घरासाठी १०, पाहुण्यांसाठी २०, कॅमेऱ्यांसाठी ३०. क्रमांक कुठलेही चालतात, पण आयपी पत्त्यातही तेच आकडे ठेवले की पुढे शोधाशोध वाचते: घराला १९२.१६८.१०, पाहुण्यांना १९२.१६८.२०, कॅमेऱ्यांना १९२.१६८.३०. पत्ता पाहिला की यंत्र कुठल्या खोलीत आहे ते कळतं.

मग कागद घेतला आणि पोर्ट मांडले. स्विचला हात लावायच्या आधी हा कागद कराच. पहिल्या पोर्टावर राउटर: तिथे १०, २०, ३० तिन्ही टॅग्ड. दुसऱ्यावर घरातला ॲक्सेस पॉइंट: १० अनटॅग्ड, म्हणजे तो स्वतः घरच्या गटात आणि घरचं वाय-फायही त्यातच, २० टॅग्ड, म्हणजे पाहुण्यांचं वाय-फाय मार्का लावून येईल. तिसऱ्यावर बिलांचा कॉम्प्युटर आणि चौथ्यावर प्रिंटर: १० अनटॅग्ड. पाचव्यावर रेकॉर्डर: ३० अनटॅग्ड. सहाव्यावर वाडीतल्या खोल्यांकडे जाणारी वायर: तिन्ही टॅग्ड. सातव्यावर कॅमेऱ्यांचा, वायरीतूनच वीज देणारा साधा स्विच: ३० अनटॅग्ड. तो साधा आहे ह्याची अडचण नाही. त्याला काही कळत नसलं तरी तो अख्खाच्या अख्खा ३० मध्ये बसतो. आठवा पोर्ट रिकामा ठेवला, तो माझ्या लॅपटॉपसाठी. स्विच मुळात ज्या १ क्रमांकाच्या व्हीलॅनमध्ये येतो तो फक्त स्विचच्या देखभालीसाठी ठेवला, पहिल्या, सहाव्या आणि आठव्या पोर्टावर, अनटॅग्ड. मोठ्या कार्यालयांत देखभालीसाठी १ वापरत नाहीत, निराळा क्रमांक घेतात, आणि ते जास्त बरं. इथे स्विच कुलपाच्या पेटीत आहे आणि ह्या छोट्या स्विचवर एवढंच सहज जमत होतं.

स्विचच्या पानावर गेलात की बहुतेक वेळा दोन पर्याय समोर येतात, पोर्ट बेस्ड व्हीलॅन आणि ८०२.१क्यू व्हीलॅन. पहिला एकाच स्विचपुरता असतो, त्यात टॅग नाही. आपल्याला दुसरा हवा. तो चालू करून एकेक व्हीलॅन तयार करायचा आणि प्रत्येक पोर्टापुढे टॅग्ड, अनटॅग्ड किंवा सभासद नाही, ह्यातलं एक निवडायचं.

इथवर सगळे येतात. घोटाळा होतो तो पीव्हीआयडीपाशी, म्हणून इथे जरा थांबू.

टॅग्ड-अनटॅग्ड हे सेटिंग फ्रेम पोर्टातून बाहेर जाताना लागू होतं: मार्का ठेवायचा की काढायचा. आत येणाऱ्या फ्रेमचं काय? बिलांच्या कॉम्प्युटरकडून येणाऱ्या फ्रेमवर मार्का नसतोच. तिला आत घेताना कुठला मार्का मारायचा, हे सांगतो तो पीव्हीआयडी. थोडक्यात पडवीच्या दारात दोन माणसं उभी आहेत. एक बाहेर जाणाऱ्या पेटीचा मार्का पुसतो, दुसरा आत येणाऱ्या बिनमार्क्याच्या पेटीवर मार्का मारतो. दोघांना एकच आकडा सांगितलेला असला पाहिजे. सिस्कोसारख्या स्विचवर पोर्टाला ॲक्सेस व्हीलॅन १० असं एकदा सांगितलं की दोन्ही कामं होतात. छोट्या स्मार्ट स्विचवर मात्र पीव्हीआयडीचं पान वेगळं असतं, आणि ते पान उघडलंच नाही तर सगळ्या पोर्टांचा पीव्हीआयडी १ च राहतो.

मग काय होतं ते बघा. कॉम्प्युटर विचारतो, "मला पत्ता देता का?" दारातला माणूस त्यावर १ चा मार्का मारतो. प्रश्न १ मध्ये जातो आणि घरासाठी पत्ते वाटणारा बसलाय १० मध्ये. त्याच्या कानावर हाक जातच नाही. विंडोज थोडा वेळ वाट पाहतं आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन मोकळं होतं. त्या आकड्यांचा पत्ता दिसला की वायर बदलायला धावू नका. आधी पीव्हीआयडी बघा.

दुसरी चूक ह्याच्या जोडीची. पोर्ट १० मध्ये घातला, पीव्हीआयडीही १० केला, पण १ मधलं त्याचं जुनं सभासदत्व काढलंच नाही. सगळं चालतं, म्हणून कुणाला कळत नाही. पण १ मधल्या हाका त्या पोर्टावर येतच राहतात. भिंत बांधली आणि खालची फट बुजवली नाही असं ते होतं. आणि हे सगळं करताना ज्या पोर्टावर आपण लॅपटॉप लावून बसलोय त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. नाहीतर बसलेली फांदीच तोडली जाते आणि स्विच रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

काम झाल्यावर सेव्ह करायचं. हे मी दापोलीतल्या एका ठिकाणी शिकलो. संध्याकाळभर बसून सगळं लावलं, तपासलं, चहा घेऊन निघालो. रात्री वारा सुटला, लाईट गेली, आणि परत आली तेव्हा स्विच पुन्हा पहिल्यासारखा. बऱ्याच स्विचवर अप्लाय केलं की बदल लागू होतो, पण तो चालू स्मृतीतच राहतो. कायमचा लिहायला सेव्हचं वेगळं बटण असतं. पावसाळ्यात दिवसाला चारदा लाईट जाणाऱ्या गावांत हे विसरून चालत नाही. सेव्ह केल्यावर मुद्दाम एकदा स्विचची वीज बंद करून चालू करा, मगच घरी जा. सेटिंगची एक प्रत लॅपटॉपवर आणि पोर्टांचा तो कागद लॅमिनेट करून पेटीच्या दाराला आतून. खाऱ्या दमट हवेत साधा कागद टिकत नाही.

आता भिंती झाल्या. पण भिंती घातलेल्या घरात दारंही लागतात. काकांच्या कॉम्प्युटरवरून कॅमेरे दिसायला हवेत, पाहुण्यांना इंटरनेट हवं. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायचा रस्ता राउटरमधून जातो. तोच प्रत्येक गटाला पत्ते वाटतो, आणि दारावर कुणाला सोडायचं हेही तोच बघतो. आणि इथे मला कळकळीने सांगायचंय: बहुतेक राउटर सुरुवातीला ही सगळी दारं उघडीच ठेवतात. व्हीलॅन तीन झाले, पत्ते वेगळे झाले, म्हणून माणूस निश्चिंत होतो; आणि पाहुण्यांच्या वाय-फायवरून १९२.१६८.१०.५ असा पत्ता टाकला की प्रिंटरचं पान थेट उघडतं. हाक ऐकू जात नाही एवढंच, पत्ता माहीत असेल तर रस्ता मोकळा. म्हणून राउटरच्या फायरवॉलमध्ये नियम लिहावे लागतात. पाहुण्यांकडून घराकडे आणि कॅमेऱ्यांकडे बंद, इंटरनेटकडे चालू. राउटरकडून आयपी पत्ता आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सोय) घेण्यापुरती त्यांना मुभा; राउटरचं स्वतःचं सेटिंगचं पान मात्र बंद. घराकडून कॅमेऱ्यांकडे चालू, आणि त्या विचारण्याचं उत्तर परत यायला मोकळीक. कॅमेऱ्यांकडून घराकडेही बंद आणि इंटरनेटकडेही बंद. मोबाईलवरून बाहेरगावी बसून कॅमेरे बघायचे असतील तर फक्त रेकॉर्डरला बाहेर जाऊ द्यावं, किंवा त्याहून बरं म्हणजे व्हीपीएनने, बाहेरून घरच्या नेटवर्कात यायच्या सुरक्षित वाटेने, घरात येऊन बघावं.

कॅमेऱ्यांना वेगळी खोली का, असं काकांनी विचारलं. त्याचं कारण वायर. कॅमेरा बाहेर माडाच्या खांबावर असतो. कुणी ती वायर काढून आपल्या लॅपटॉपला लावली तर तो माणूस सरळ तुमच्या नेटवर्कमध्ये आला. वायर ३० मध्ये असली तर त्याला फार तर कॅमेरे आणि रेकॉर्डर दिसतील, आधार कार्डांचा फोल्डर नाही.

सगळं झाल्यावर लॅपटॉप एकेका पोर्टावर आणि एकेका वाय-फायवर जोडून बघायचा. पत्ता अपेक्षित आकड्यांचा आला का, आणि जिथे जाता येऊ नये तिथे पिंग, म्हणजे दुसऱ्या यंत्राला पाठवलेला चाचणीचा निरोप, खरंच अडतंय का. चालतंय हे सगळेच तपासतात. अडतंय का, हे तपासणं जास्त महत्त्वाचं.

व्हीलॅनने काय होत नाही तेही सांगायला हवं. नेट वेगवान होत नाही. दहा पाहुणे एकाच वेळी सिनेमा बघत असतील तर लाईन भरणारच. त्यांच्या गटाला वेगाची मर्यादा राउटरमध्ये घालावी लागते, गट वेगळा असल्यामुळे ती घालणं सोपं जातं इतकंच. दुसरं, २० मधले पाहुणे एकमेकांना दिसतातच. एका कुटुंबाचा फोन दुसऱ्याला दिसू नये म्हणून ॲक्सेस पॉइंटमध्ये क्लायंट आयसोलेशन चालू करावं. आणि काकांचा भाचा पाहुण्यांच्या वाय-फायवर बसून प्रिंट काढायला गेला तर प्रिंटर दिसणार नाही. "प्रिंटर बिघडला" असा फोन मला आठवड्यात आलाच. घरच्या वाय-फायवर आल्यावर तो सुधारला.

वाडीतल्या वायरीबद्दल थोडं. तांब्याची वायर १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे अंतराची अडचण नव्हती. पण पावसाच्या तोंडावर आणि आश्विनात विजा कडाडतात, त्या काळात दोन इमारतींमधल्या तांब्याच्या वायरीतून दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात. तिथे फायबरच टाकावी. तिच्यातून वीज वाहत नाही आणि टॅग जसाच्या तसा पलीकडे जातो. वाय-फायने जोडायचा विचार होता, पण जांभ्याच्या जाड भिंतींपुढे त्याचा टिकाव लागला नाही.

आता काकांनी खोल्यांवर सोलर बसवलंय. त्याच्या इन्व्हर्टरला वाय-फाय लागतं, इंटरनेट लागतं, पण घरातलं काही दिसायची गरज नाही. त्याच्यासाठी ४० केला. नवा व्हीलॅन घालताना वाटेवरचं प्रत्येक ठाणं मोजायचं असतं. राउटरवर ४० तयार करणं, त्याचे पत्ते आणि नियम. पहिल्या स्विचवर पोर्ट १ आणि ६ वर टॅग्ड. वाडीतल्या स्विचवर येणाऱ्या वायरीच्या पोर्टावर आणि ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टावर टॅग्ड. ॲक्सेस पॉइंटवर नवं नाव आणि त्याला ४०. मी पहिल्या स्विचचा सहावा पोर्ट विसरलो होतो. इन्व्हर्टर वाय-फायला जोडलेला दिसत होता, पण पत्ता मिळत नव्हता. पेटीच्या दारावरचा कागद बघितला, तिथे ६ पुढे ४० लिहिलेला नव्हता.